अनुभव धागा : फोन सगळ्यांच्या हातात, पण शहाणपण कुठून आलं?

निकाल लागले की गोव्यातल्या मुलांचे आधार, गुणपत्रिका आणि दाखले या फोनवरून त्या फोनवर फिरायला लागतात. 'आजकालच्या मुलांना शिकवावं लागत नाही' असं आपण कौतुकानं म्हणतो. रील बनवता येतं हे खरं, पण समोर आलेला कागद अस्सल आहे का, आपला कागद कुणाच्या हातात गेला, हे किती जण बघतात? विद्यार्थी, पालक, शिक्षक, ज्यांचा या मुलांशी संबंध येतो त्या सगळ्यांनी लिहा. घडलेलं सांगा, प्रवचन नको. कॉलेजचं, दुकानाचं, माणसाचं नाव घालू नका.

झेरॉक्सवाला, म्हापसा

माझं दुकान कॉलेजच्या वाटेवर. अर्ज भरायच्या दिवसांत मुलं येतात, 'अंकल, एकच प्रिंट' म्हणत काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअॅप वेब उघडतात, क्यूआर स्कॅन करतात, फाइल उतरवून घेतात आणि बस चुकेल म्हणून पळतात. खातं उघडंच. पुढचं गिऱ्हाईक येऊन बसतं आणि त्याच्यासमोर आधीच्या मुलीचे घरचे मेसेज. डाउनलोडच्या फोल्डरात तर काय नसतं? आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, जातीचा दाखला. रात्री शटर ओढायच्या आधी मी सगळं पुसतो, रिसायकल बिनसकट. पण प्रत्येक दुकानदार पुसत असेल याची हमी मी देणार नाही. आता पाटीच लावलीय: लॉगआउट केल्याशिवाय सुट्टे मिळणार नाहीत.

परवा एक मुलगी आली. तिनं फाइल दुकानाच्या ईमेलवर पाठवली, तेही मास्क केलेलं आधार, फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं. वर मलाच म्हणते, 'छापून झालं की माझ्यासमोर डिलीट करा.' आमच्या वयाच्या माणसाला राग यायला हवा. मला बरंच वाटलं. आणि हो, लॉगआउट विसरून घरी पोचलात तरी स्वतःच्या फोनवर 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन ते खातं तिथूनच बंद करता येतं. हे फार थोड्या भुरग्यांना, म्हणजे पोरांना, ठाऊक असतं.

बी.ए., फोंडा

पावसाळ्यात 'उद्या सुट्टी'चं परिपत्रक आमच्या ग्रुपवर हमखास येतं. गंमत म्हणजे ते बनावट नसतं. २०२४च्या जुलैत अतिवृष्टीमुळे सरकारनं खरंच बारावीपर्यंतच्या वर्गांना सुट्टी दिली होती. असला जुना कागद तारखेची ओळ कापून पुढच्या पावसात परत फिरतो. शिक्का खरा, सही खरी, फक्त दिवस शिळा. माझा धाकटा भाऊ नववीत आहे. त्यानं फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, 'ताई, जावक क्रमांक अर्धाच दिसतो. वरून कापलंय.' शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर बघितलं तर काहीच नव्हतं. तसं मी ग्रुपवर टाकलं, तर मैत्रिणी दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. भाऊ छत्री घेऊन शाळेत गेला. वर्ग अर्धा रिकामा.

तारवटी (जहाजावर नोकरी करणारा), सध्या रजेवर, वास्को

भाचा हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला. त्याला फेसबुकवरून क्रूझवरच्या नोकरीचं पत्र आलं. लोगो, लेटरहेड, पगार डॉलरमध्ये, आणि 'प्रोसेसिंग फी आजच भरा'. 'मामा, बघ रे जरा' म्हणून त्यानं मला पाठवलं. मी उत्तर दिलं नाही, त्यालाच शोधायला बसवलं. जहाजावर माणसं भरणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, आम्ही त्याला आरपीएसएल म्हणतो. परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. त्यात हे नाव नाही. भरतीसाठी खलाशाकडून फी घेणं नियमातच बसत नाही, हे मी सांगितलं. ईमेलच्या पत्त्यात कंपनीच्या नावाला एक अक्षर जास्त, हे त्यानं पकडलं. मग त्याला चेव चढला. पत्रातल्या 'एचआर मॅनेजर'चा फोटो इमेज सर्चमध्ये टाकला, तर तो भलत्याच देशातल्या डॉक्टरचा निघाला. मी सगळा जन्म जहाजावर काढला, पण मला हे सुचलं नसतं.

त्याची आजी मात्र अजून म्हणते, मामानं पोराची चालून आलेली नोकरी घालवली.

बँकेत नोकरी, मडगाव

कॉलेजच्या मुलांनो, खातं कुणाला वापरायला देऊ नका. 'तुझ्या खात्यात पैसे येतील, पुढे पाठव, थोडे तुला ठेव,' एवढंच काम सांगतात. ते पैसे कुणातरी लुबाडलेल्या माणसाचे असतात. त्यानं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला की पैसा जिथून जिथून फिरला ती खाती गोठवली जातात आणि चौकशीला बोलावणारे पोलीस परराज्यातलेही असू शकतात. एका मुलाचे वडील पासबुक घेऊन आमच्याकडे आले होते. त्याची शिष्यवृत्ती त्याच खात्यात अडकली होती. 'मी कुठे कुणाला फसवलं?' हा मुलाचा प्रश्न खरा होता, पण व्यवहार त्याच्या नावावर होते.

अभियांत्रिकी, फर्मागुडी

थोडक्यात सांगतो. प्रोजेक्ट गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, टाकताना एपीआय की (एखादी ऑनलाइन सेवा वापरायची आपली गुप्त किल्ली) कोडात राहिली आणि नंतर ती ओळ काढली, तरी जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी साठवलेल्या आवृत्तीत, ती वाचता येते. की रद्द करून नवी घ्या.

एम.ए., ताळगाव

सगळे फसवणुकीवरच का लिहिताहेत? ऑनलाइन चांगलं काही करता येतं की नाही? गोवा विद्यापीठानं २०१३ साली कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली खुला केला, म्हणजे श्रेय देऊन कुणीही तो मजकूर वापरावा. हे कळल्यावर मी मराठी विकिपीडियावर आमच्या गावाबद्दल लिहायला घेतलं. पहिल्याच दिवशी कुणीतरी संदर्भ मागितला. 'गावात सगळ्यांना माहीत आहे' हा संदर्भ होत नाही म्हणे! चिडचीड झाली. मग पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन बसले. १८३२ पासूनची संस्था, जुनी वर्तमानपत्रं सांभाळून ठेवलेली. आजोबा सांगायचे त्यातलं निम्मं छापील सापडलं, निम्मं मला गाळावं लागलं. नोकरीच्या मुलाखतीत मी हेच पान उघडून दाखवते. पानाच्या 'इतिहास' या भागात माझी प्रत्येक दुरुस्ती दिसते, कुठे चुकले तेही.

अकरावी, डिचोली

मोठ्यांसाठी पण धागा काढा. माझी दहावीची गुणपत्रिका आईनं अभिमानानं स्टेटसला लावली. नाव, बैठक क्रमांक, जन्मतारीख, सगळं स्वच्छ दिसत होतं. मी काढायला लावलं, तर म्हणाली, 'आपलीच माणसं बघतात गो.' आकडे झाकून परत लावूया म्हटल्यावर तयार झाली. तोवर मावशीनं स्क्रीनशॉट काढून सासरच्या ग्रुपवर टाकला होता. त्या ग्रुपची अॅडमिन कोण, ते आता विचारते आहे.