मदत हवी आहे: 'मंडळीला कळव' म्हणजे नेमकं कुणाला?

सलाम. रविवारी तरुण संघात मला 1643 च्या वेस्टमिन्स्टर सभेवर (इंग्लंडच्या चर्चची रचना ठरवायला भरलेली धर्मपंडितांची सभा) बोलायचं आहे, आणि मत्तय 18:17 वरच (चुकलेला भाऊ ऐकत नसेल तर 'मंडळीला कळव') गाडी अडलीय. थॉमस गुडविन, फिलिप नाय वगैरे सभेतल्या पाच जणांचं म्हणणं: शिस्तीचा अधिकार स्थानिक मंडळीचाच. वर प्रेस्बिटरी (अनेक मंडळ्यांवरची पाळक-वडीलांची सभा) कशाला? प्रेस्बिटरीच्या बाजूचे स्कॉटिश प्रतिनिधी रदरफर्ड, गिलेस्पी यांचं उत्तर प्रेषितांची कृत्ये 15: अंत्युखियातला वाद यरुशलेमेत नेलाच ना! (मला हेच जड वाटतं.) पण गुडविनचा पक्ष या अध्यायाचं काय करायचा? नुसता सल्ला म्हणायचा का?

दुसरं, नगरचं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे स्थानिक मंडळीलाच अधिकार मानणारं. 1924 मध्ये प्रेस्बिटेरियन मंडळ्यांशी झालेल्या एकीकरणानंतर पाळक नेमणं मंडळीच्या हाती राहिलं की वर गेलं? जुनी इतिवृत्तं कुणाकडे आहेत का?