पासवर्ड वहीत लिहून ठेवले तर नेमकं काय बिघडतं?

शाईपेन
बाबांच्या टेबलाच्या खणात एक लांबट वही आहे. रविवारी त्यांच्या मेलमध्ये शिरायचं होतं म्हणून ती उघडली. एकाच खात्यासमोर चार पासवर्ड, त्यातले तीन खोडलेले, चौथ्यापुढे 'हाच' असं लिहून खाली दोन रेघा. आणि तो 'हाच' काही केल्या चालेना. दहा मिनिटांनी उलगडा झाला: मी ज्याला शून्य समजत होते तो इंग्रजी 'ओ' होता. बाबांनी काही न बोलता पेन घेतलं आणि वहीतल्या प्रत्येक शून्याच्या पोटात तिरकी रेघ मारत बसले.

भावाचं म्हणणं, ही वही फाडून टाका आणि बाबांना पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डामागे साठवून आपोआप भरणारं ॲप, शिकवा. मला हे पटत नाही. बाबा पंचाहत्तरीचे, संगणक एकच, खाती मोजून चौदा. खात्यांवर डल्ला मारणारा कुठेतरी लांब बसलेला असतो, त्याला बाबांचा खण उघडता येत नाही. ब्रूस श्नायर हे संगणक-सुरक्षेतलं मोठं नाव. त्यांनीही २००५ मध्ये सांगितलं होतं की पासवर्ड अवघड ठेवा, कागदावर लिहा आणि तो कागद पैशाच्या पाकिटात ठेवा, कारण कागदाचे छोटे कपटे सांभाळायची आपल्याला सवय असतेच.

खरा रोग म्हणजे सगळीकडे एकच पासवर्ड. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. ते जसेच्या तसे साठवलेले होते आणि त्यात सर्वात लाडका होता १२३४५६. असा साठा हाती लागला की तीच मेल-पासवर्डची जोडी चोर आणखी शेकडो ठिकाणी लावून पाहतात. बाबांच्या वहीत चौदा खात्यांना चौदा वेगळे पासवर्ड आहेत. भाऊ मात्र मांजराचं नाव आणि जन्मवर्ष एवढ्यावर सगळा संसार चालवतो.

तर घरी बसून काम करणाऱ्याला वही पुरते, असं माझं मत. पटत नसेल तर कारण द्या. 'जमाना बदलला' हे कारण धरलं जाणार नाही.

कळफलक
कारण देतो. वहीला वेबसाइटचा पत्ता वाचता येत नाही.

मागच्या महिन्यात मला पार्सल अडकल्याचा मेसेज आला. पार्सल खरंच यायचं होतं, म्हणून दुवा दाबला. पान हुबेहूब, रंगसुद्धा तेच. मॅनेजरने मात्र पासवर्डचा रकाना रिकामाच ठेवला. मी वैतागलो, हाताने टाकायला घेतला, चार अक्षरं टाकलीही, आणि मग वरचा पत्ता नीट पाहिला. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारीशेजारी चिकटून बसले होते. डोळा फसतो. मॅनेजर साठवलेला पत्ता आणि समोरचा पत्ता ताडून पाहतो, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी गप्प बसतो. तुमचे बाबा वहीतून बघून तो पासवर्ड इमानेइतबारे, शून्याची तिरकी रेघ सांभाळत, चोराच्या हातात देतील.

शिवाय हाताने लिहायचं म्हटलं की पासवर्ड आखूड होतात. वीस अक्षरांची आडवीतिडवी माळ चौदा वेळा कोण लिहील आणि रोज कोण टाकेल? बिटवॉर्डन या मॅनेजरची फुकट आवृत्ती कितीही उपकरणांवर चालते. तेही नको असेल तर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये पासवर्ड साठवायची सोय आहेच. वहीपेक्षा तीही बरी.

उंटावरून
कळफलक, तुमचा मॅनेजर पत्ता ओळखतो हे मान्य. पण त्याची स्वतःची तिजोरी कुणी उचलून नेली तर? लास्टपास या मॅनेजर कंपनीचं २०२२ चं प्रकरण विसरलात का? ऑगस्टमध्ये म्हणाले आमच्याकडे घुसखोरी झाली, काळजी नसावी. डिसेंबरमध्ये कबूल केलं की ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरांनी नेल्या. त्यात वेबसाइटचे पत्ते कूटबद्धही, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारे, नव्हते, म्हणजे कुणाचं खातं कुठे आहे याची यादी आयतीच मिळाली.

आणि या कंपन्यांचा मूड! त्याच लास्टपासने मार्च २०२१ मध्ये फुकट्यांना सांगितलं, संगणक किंवा मोबाइल, एक काय ते निवडा. फायरफॉक्सचं पासवर्ड साठवायचं लॉकवाइज ॲप २०२१ च्या डिसेंबरात बंद. मायक्रोसॉफ्टच्या अथेंटिकेटरमध्ये पासवर्ड साठवत होता तुम्ही? ऑगस्ट २०२५ पासून ते तिथे दिसेनासे झाले. वही असे नियम बदलत नाही.

अवांतर: बाबांच्या त्या तीन खोडलेल्या पासवर्डांचं मूळ माहीत आहे का? पासवर्डात आकडे-चिन्हं घाला आणि तो ठरावीक काळाने बदला, हा सल्ला अमेरिकेच्या निस्ट या संस्थेच्या २००३ च्या दस्तऐवजातून जगभर गेला. तो लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होत असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी निस्टनेही सांगितलं की चोरीचा पुरावा नसेल तर उगाच बदलायला लावू नका. तरी अजून ठिकठिकाणी बदला-बदला चालूच आहे, आणि लोक शेवटी १ च्या जागी २ घालून मोकळे होतात.

कळफलक
लास्टपासचं उदाहरण येणार हे माहीतच होतं. चोरीला गेलेल्या तिजोऱ्यांमधले पासवर्ड कूटबद्ध होते. ज्यांचा मुख्य पासवर्ड लांब, त्यांना तातडीची भीती नव्हती. फटका बसण्याची शक्यता होती ती आखूड पासवर्डवाल्यांना आणि ज्यांच्या जुन्या खात्यांच्या सेटिंग कंपनीने कमकुवतच राहू दिल्या त्यांना. एका कंपनीचा गलथानपणा सगळ्या मॅनेजरांच्या माथी का? कंपनीच नको असेल तर कीपासएक्ससी हा मॅनेजर घ्या. सगळे पासवर्ड तुमच्याच संगणकावरच्या एका कूटबद्ध फाइलमध्ये राहतात. त्या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर टाका, झालं. वहीची दुसरी प्रत काढून ठेवलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

निवांत
मी या धाग्यावर लिहिणार नव्हते, पण लिहिते.

माझे दीर गेले तेव्हा त्यांचं सगळं मॅनेजरमध्ये होतं. नेटकं, कळफलक म्हणतात तसं अगदी. मुख्य पासवर्ड फक्त त्यांच्या डोक्यात. फोन त्यांच्या अंगठ्याने उघडायचा. जाऊबाईंना फोनचा आकडी कोड माहीत होता, त्यामुळे फोन उघडला, पण मॅनेजरने मुख्य पासवर्डच मागितला. मग मेल परत मिळवायला गेलो, तर कोड ज्या नंबरवर जाणार होता तो बंद होऊन चार वर्षं झालेली. एकेका खात्यासाठी कागदपत्रं पाठवत बसलो, त्यात आठ महिने गेले. दोन खाती अजून उघडलेली नाहीत. फोटो त्यातल्याच एका खात्यात आहेत.

जाऊबाई एकदा म्हणाल्या, "साध्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं असतं तरी चाललं असतं."

चोरापासून वाचवायचं सगळेच सांगतात. घरच्यांना आत कसं येता येईल, हे मॅनेजर घेताना कुणी सांगत नाही.

कळफलक
निवांत, वाईट वाटलं वाचून. सोय असते, पण ती आधी करून ठेवावी लागते. बिटवॉर्डनच्या पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत आपल्या विश्वासातला माणूस नेमता येतो. त्याने मागणी केली आणि आपण ठरवलेल्या दिवसांत नकार दिला नाही, तर त्याला प्रवेश मिळतो. वनपासवर्ड हा मॅनेजर तर खातं उघडतानाच एक कागद छापून ठेवायला सांगतो.

उंटावरून
कागद! शेवटी आलातच ना कागदावर.

तिसरी घंटा
भांडण चालू द्या, मी फक्त एक सांगते. माझ्या अनुभवात लोक पासवर्ड कुठे ठेवायचा यावर तासभर वाद घालतात आणि मेलच्या खात्याला दुसरं कुलूप लावत नाहीत. 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की बाकी बहुतेक खात्यांची नवी किल्ली मेलमध्येच येते. त्यामुळे मेलवाल्या खात्याला आधी दोन टप्प्यांची पडताळणी लावा, जमल्यास एसएमएसऐवजी फोनवरच कोड तयार करणाऱ्या अथेंटिकेटर ॲपने. ती लावताना जे बॅकअप कोड मिळतात ते आणि परत मिळवायचा फोन नंबर आजचा आहे ना, एवढं आज रात्रीच बघा. निवांत यांच्या दिरांचं घोडं तिथेच अडलं होतं.

पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी उपकरणातच साठवलेली डिजिटल किल्ली, असेल तर उत्तमच. ती खोट्या पत्त्यावर चालतच नाही, त्यामुळे कळफलक यांची पार्सलवाली भानगड मुळातून मिटते. पण ती वहीत लिहिता येत नाही, आणि फोन बदलताना ज्यांचा गोंधळ उडतो त्यांना मी अजून तरी सुचवत नाही.

शाईपेन
पत्त्याचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. मान्य करते, तिथे वही आंधळी आहे. म्हणून काल बाबांबरोबर बसले. चौदापैकी अकरा खाती मॅनेजरमध्ये घातली. मेल आणि बँकांच्या बाबतीत ते ऐकेनात, ती तीन खाती वहीतच. या तिन्हींसाठी मेसेजमधला दुवा कधीच दाबायचा नाही, संगणकावर जतन केलेल्या खुणेवरूनच (बुकमार्क) जायचं, असं ठरलं. मुख्य पासवर्डसाठी पाच असंबद्ध शब्द घेतले, पण ते शब्दकोश कुठेही उघडून बोट ठेवून. स्वतःच्या मनाने निवडायला सांगितलं तर पहिल्या दोनांत आईचंच नाव येत होतं.

फुकट आवृत्तीत नेमणुकीची सोय नाही, हे त्यांना समजावून सांगत होते. तोवर बाबांनी वही ओढली, नवं पान काढलं, पाचही शब्द लिहिले, पुढे 'हाच' आणि खाली दोन रेघा.

कळफलक
ठीक आहे. ती वही कुठल्या खणात असते ते तेवढं खोडा वरून.