मदत हवी आहे: पेठेतल्या गल्ल्यांत जिओकॅशिंग, काटा स्थिर राहत नाही

वाट_शोधते

येत्या रविवारी मैत्रिणीबरोबर शनिवार, कसबा आणि नारायण पेठेत जिओकॅशिंग (कोणीतरी लपवलेली डबी, म्हणजे ‘कॅश’, जीपीएसवरून शोधण्याचा खेळ) करायचा बेत आहे. हाताशी चार-पाच तास आहेत. दोघींकडे अँड्रॉइड फोन आहेत, वेगळं जीपीएस यंत्र नाही. अडचणी अशा:

१) अरुंद गल्लीत बाण क्षणात पुढे, क्षणात मागे दाखवतो. अंतर ६ मीटरवरून एकदम ३० वर जातं.
२) एकाच कॅशचे कोऑर्डिनेट्स (अक्षांश-रेखांश) दोघींच्या फोनवर वेगवेगळ्या जागी उघडतात.
३) एक मल्टी-कॅश (टप्प्याटप्प्याने शोधायची) आहे. तिच्या पहिल्या टप्प्यावर फलकावरच्या सालावरून पुढचा आकडा काढायचा आहे, पण फलकावर शके दिलेलं आहे.

सोबत काय घ्यावं, तेही सांगा.

नकाशावेडा

आधी दुसरा प्रश्न, कारण तो सुटला नाही तर बाकी सगळं फुकट. जिओकॅशिंगमध्ये कोऑर्डिनेट्स अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. समजा उत्तर अक्षांश १८° ३१.१६२' असा आकडा आहे. यातले .१६२ हे मिनिटाचे दशांश आहेत, सेकंद नव्हेत. कोणी ते ३१ मिनिटं १६.२ सेकंद असे टाकले, तर जागा सुमारे २०० मीटर उत्तरेला सरकते. खरे सेकंद ९.७२ होतात. आणि कोणी सरळ १८.३११६२ असं दशांश अंशात टाकलं, तर तुम्ही जवळपास २३ किलोमीटर दक्षिणेला, सिंहगडाच्याही पलीकडे! दशांश अंश हवेच असतील तर मिनिटांना ६० ने भागा: ३१.१६२ ÷ ६० = ०.५१९३७, म्हणजे १८.५१९३७. रेखांशालाही हाच नियम. दोन्ही फोनच्या सेटिंगमध्ये एकच पद्धत निवडा. हाताने टाईप करण्यापेक्षा कॅशच्या पानावरूनच थेट नकाशा उघडलात तर ही चूक होतच नाही.

टेकडीवरून

बाणाचं. उपग्रहाचा सिग्नल गल्लीत थेट पोचत नाही. तो समोरच्या इमारतीवर आपटून येतो, म्हणजे जास्त अंतर कापून येतो आणि फोन तुमची जागा चुकीची काढतो. मोकळ्या आभाळाखाली चांगला फोन साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतो. पेठेत २०-३० मीटरची चूक सहज होते. त्यात ज्याने कॅश ठेवली त्याच्या फोनचीही चूक मिळवा. म्हणून शेवटच्या १५ मीटरमध्ये बाणावर विसंबू नका.

जवळच्या चौकात किंवा मोकळ्या पटांगणात एक-दोन मिनिटं थांबून आकडा स्थिरावू द्या. मग गल्लीत दोन-तीन वेगवेगळ्या बाजूंनी चालत या आणि अंतर कुठे सगळ्यात कमी होतं ते बघा. उभ्या-उभ्या बाणाची दिशा फोनच्या होकायंत्रावरून ठरते, अंतर मात्र जीपीएसवरून. त्यामुळे मागे लोहचुंबक असलेलं कव्हर काढून ठेवा, आणि लोखंडी रेलिंगला किंवा उभ्या गाड्यांना टेकून फोन धरू नका. बॅटरी सेव्हर बंद ठेवा.

दोघी आहात त्याचा फायदा घ्या. एकीने फोन धरावा, दुसरीने फोन खिशात टाकून फक्त डोळ्यांनी शोधावं. दोघींनी स्क्रीनकडे बघत फिरलं की समोरची डबी दिसत नाही.

रबरी_कडी

पेठेत मोठा डबा लपवायला जागा नाही, त्यामुळे मायक्रो (छोटी डबी) किंवा नॅनो धरून चला. नॅनो म्हणजे करंगळीच्या टोकाएवढी, बहुधा चुंबकाची डबी. ती रेलिंगच्या खालच्या अंगाला, पाटीच्या मागे किंवा पाईपच्या कडेला चिकटलेली असते. आतली कागदाची पट्टी (सापडल्यावर तिच्यावर आपलं नाव लिहायचं असतं) बाहेर काढणं सोपं, परत घालणं कठीण. बारीक चिमटा आणा, पट्टी पेनच्या रिफिलवर घट्ट गुंडाळा आणि मग आत सारा. सैल गुंडाळली तर झाकण आटे धरत नाही, पाणी शिरतं आणि पट्टीचा लगदा होतो. झाकणातली रबरी कडी जागेवर आहे ना, तेही बघा. जागा वाचवायला दोघींचं मिळून एकच टोपणनाव लिहा. ऑनलाइन नोंद दोघी वेगवेगळी करू शकता.

बाकी पेन, सोबत पेन्सिल (दमट कागदावर शाई फुटते), छोटी बॅटरी (टॉर्च), १०,००० एमएएचची पॉवर बँक, पाणी. नकाशा वायफायवर आधीच उतरवून ठेवा.

आणि घरून निघण्यापूर्वी कॅशच्या पानावरच्या शेवटच्या नोंदी नक्की वाचा. सलग तीन-चार जणांनी ‘सापडली नाही’ लिहिलं असेल तर ती कॅश यादीतून काढा. पहिल्यांदाच जाताय तर अवघडपणा (पानावर १ ते ५ मध्ये दिलेला असतो) २ पर्यंतच्याच निवडा.

वाट_शोधते

खूप आभार! एका फोनमध्ये दशांश अंश लावलेले होते, दुसऱ्यात मिनिटं. आता जुळलं. शके राहिलं.

नकाशावेडा

शकात ७८ मिळवा हे सगळ्यांना माहीत असतं, पण गुढीपाडव्याला शक बदलतो आणि इसवी सन १ जानेवारीला. त्यामुळे जानेवारी ते पाडवा या काळातल्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. शनिवारवाड्याच्या पायाभरणीचंच बघा: माघ शुद्ध तृतीया, शके १६५१, म्हणजे १० जानेवारी १७३०. ७८ मिळवाल तर १७२९ येईल. फलकावर पौष, माघ किंवा फाल्गुन असेल तर तारीख तपासूनच आकडा घ्या. मिनिटांच्या तिसऱ्या दशांशात १ ची चूक झाली तर पावणेदोन-दोन मीटरचाच फरक पडतो, पण पहिल्या दशांशात झाली तर अक्षांशात १८५ मीटर.

टेकडीवरून

एक राहिलं, आणि ते महत्त्वाचं आहे. बाण डीपीकडे (रस्त्यावरच्या विजेच्या पेटीकडे) किंवा विजेच्या खांबावरच्या पेटीकडे नेत असेल तर पेटी उघडायची नाही, हात आतही घालायचा नाही. कॅश आजूबाजूला असेल तर ठीक, नाहीतर सोडून द्या. पिंपळाच्या पारावरचं काही उचलू नका, ते कुणीतरी पूजेसाठी ठेवलेलं असतं. भिंतीच्या भोकात आधी बॅटरीचा उजेड, मग काडी, बोट सगळ्यात शेवटी.

गर्दीच्या जागी वाकून डबी काढताना लोकांना शंका येते, आणि बेवारस वस्तूंबद्दल सतत सूचना दिल्या जात असताना ती रास्तच आहे. पोलिसांनी किंवा दुकानदाराने विचारलं तर लगेच ॲपमधलं कॅशचं पान दाखवा आणि डबी त्यांच्यासमोर उघडा. सकाळी आठच्या आत पोचलात तर दुकानं बंद असतात, गाड्या कमी असतात, निवांत शोधता येतं.