मदत हवी आहे: डस्ट माइटची अ‍ॅलर्जी, सगळं करून झालं, शिंका काही थांबत नाहीत

तिखटमीठ (९ जुलै, सकाळी ७:१०)
टेस्टमध्ये डस्ट माइट (धुळीतला बारीक किडा) आलं. सांगितलं तसं गादीला चेनवालं कव्हर घातलं (साडेतीन हजार गेले), पडदे काढले, कार्पेट नव्हतंच. वर एअर प्युरिफायर आणला, तो रात्रभर घरघरतो. दोन महिने झाले, फरक शून्य. आज पहाटे मोजल्या, सलग एकोणीस शिंका. आता करायचं तरी काय राहिलंय? कृपया "डॉक्टरांना विचारा" सांगू नका, विचारूनच केलंय. पटकन सांगा, मला ८:०४ची लोकल आहे.

पाटावरवंटा
शिंका कोणाला? वय काय? गाव कुठलं? साताऱ्याचा मे आणि रत्नागिरीचा जुलै यांना एकच उत्तर नसतं हो.

गच्चीवरचा
पेस्ट कंट्रोल करून घ्या. आमच्या पलंगाच्या फटीत होते. दोनदा फवारणी केली, एकदम साफ.

पाटावरवंटा
@गच्चीवरचा, दादा, ते ढेकूण. माइट जेमतेम पाव मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगावरून गळणाऱ्या कातडीवर जगतो. त्रास मुख्यतः त्याच्या विष्ठेचा. ती फवारून जात नाही.

गच्चीवरचा
आमचे चावायचे.

पाटावरवंटा
म्हणून तर ढेकूण!

निवृत्त_मास्तर
टेस्ट कुठली केली ते लिहा. नुसतं रक्तातलं टोटल आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रथिन) वाढलेलं असेल तर त्यावरून माइट ठरत नाही. पोटात जंत असले तरी ते वाढतं. आणि प्रिक टेस्ट असेल तर आधी आठवडाभर सिट्रिझिन, म्हणजे अ‍ॅलर्जीची गोळी, बंद ठेवली होती का?

सईची_आई
मास्तर, गोळी चालू असली तर टेस्ट खोटी निगेटिव्ह येईल. यांची पॉझिटिव्ह आलीये.

निवृत्त_मास्तर
माहितीसाठी सांगितलं. वाचणारे इतरही असतात.

तिखटमीठ (दुपारी १:४०)
लोकल चुकली. असो. मुलाला आहे, सहा वर्षांचा. ठाणे. प्रिक टेस्टच, हातावर थेंब टाकून टोचतात ती. माइटचा फोड ८ मिमी, बाकी सगळं कोरं. सकाळी शिंका, नाक चोंदलेलं, रात्री थोडा खोकला.

हवापालट
ठाणे म्हणजे कबुतरं! बाल्कनीला जाळी आहे का? आमच्या सोसायटीत एका काकांच्या फुप्फुसाला कबुतरांच्या विष्ठेमुळेच त्रास झाला. जाळी लावा, शिंका बंद.

सईची_आई
तो फुप्फुसाचा आजार वेगळा. आणि मुलाची टेस्ट माइटला आलीये, पिसांना नाही.

हवापालट
म्हणजे कबुतरं चांगली?

पाटावरवंटा
कबुतरांचा विषय नको, हात जोडतो. मागच्या धाग्यावर मारामारी व्हायची बाकी होती.

एकच_उपाय
जलनेती. मी गेली अकरा वर्षं करतो. कव्हर नको, गोळी नको. मुलालाही लावा सवय.

सईची_आई
मिठाच्या पाण्याने नाक धुतल्याने आराम पडतो, खरं आहे. पण पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं नको. सहा वर्षांच्या मुलाला धरूनबांधून करू नका. आणि "गोळी नको" हे ज्याने ठरवायचं त्याला ठरवू द्या.

@तिखटमीठ, रात्री खोकला हे तुम्ही शेवटी "थोडा" म्हणून लिहिलंत. खोकताना छातीत शिट्टीसारखा आवाज येतो का? पळाल्यावर दम लागतो का? असेल तर हे नुसतं नाक नाही, दमा असू शकतो. तुम्ही नको म्हणालात तरी सांगते, याच आठवड्यात दाखवा. माझ्या सईच्या वेळी "इन्हेलरची सवय लागते" ऐकून आम्ही सहा महिने घालवले. सवयबिवय लागत नाही.

पाटावरवंटा
आता घराचं. प्युरिफायरवर फार भरवसा ठेवू नका. माइटचे कण जड असतात, हवेत तरंगत बसत नाहीत. गादी झटकली की उडतात आणि थोड्या वेळात परत खाली. मूल तोंड खुपसून झोपतं ती उशी आणि गादी, तिथेच सगळा खेळ. आणि दमटपणा. माइट पाणी पीत नाही, हवेतला ओलावा अंगातून शोषतो. खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर तो तग धरत नाही. एक छोटा मीटर मिळतो, तो आणा. कपडे कुठे वाळत घालता?

तिखटमीठ
बेडरूममध्ये, स्टँडवर. पंख्याखाली. जुलैत ठाण्यात अजून कुठे घालायचे, तुमच्या घरी?

पाटावरवंटा
घाला. आमच्याकडे मीटर ८१ दाखवतोय. पण निदान मुलगा झोपतो त्या खोलीत नको. एसी असेल तर रात्री ड्राय मोडवर चालवा.

गच्चीवरचा
माझ्या मेव्हण्याकडे गादीचा व्हॅक्यूम आहे, निळा दिवावाला. किडे मारतो. हवा तर नंबर देतो.

सईची_आई
नंबर नको. मेले तरी विष्ठा आणि सांगाडे गादीतच. ते धुवावे लागतात. टेडी वगैरेंचं मी असं करते: पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये, मग धुणं. आमच्याकडे बांगड्यांशेजारी ससा असतो. चादरी, उशीचे अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात. गार पाण्यात माइट मरत नाहीत.

एक विचारायचं राहिलं. कव्हर घातलंत ती गादी मुलाचीच ना?

तिखटमीठ (रात्री ९:५५)
आमच्या बेडची. दिवसभर तो तिथेच लोळत असतो. झोपतो आजीजवळ, जन्मापासून.

सईची_आई
आणि आजींची गादी?

तिखटमीठ
कापसाची. सासूबाईंच्या लग्नातली. मध्ये एकदा पिंजून घेतली होती, अंदाजे २००९. वर त्यांनी स्वतः शिवलेली गोधडी, जुन्या नऊवारींची. त्याला तीच लागते, नाहीतर झोपत नाही.

पाटावरवंटा
...

निवृत्त_मास्तर
टेस्टआधी हे विचारायला हवं होतं. मी म्हणतच होतो, माहिती अपुरी आहे.

हवापालट
गोधडी टाकून द्या. सरळ.

टाका_दोरा
टाकून का? मी गोधड्या शिवते, कोणी असं बोललं की अंगावर येतं. सुती असेल तर गरम पाणी सहज सोसते. आधी कोपरा भिजवून बघा, लाल काठ रंग सोडतो. गीझरचं कडक पाणी टबात, वर पातेलंभर उकळतं, अर्धा तास बुडवून ठेवा, मग मशीनला. पावसात वाळायला तीन दिवस धरा, म्हणून दोन गोधड्या फिरत्या ठेवा. ओली घडी करू नका, नाहीतर माइट गेला आणि बुरशी आली.

सईची_आई
हे बरोबर. गादी मात्र बदला. कापसाच्या इतक्या जुन्या गादीत जे साठलंय ते पिंजून जाणार नाही, उलट पिंजताना घरभर उडेल. नवी गादी, तिला पहिल्या दिवसापासून कव्हर, मुलाच्या आणि आजींच्या दोघांच्या उशांनाही.

तिखटमीठ (१२ जुलै)
पिंजाऱ्याचा पत्ता विचारणारच होते, बरं झालं. सासूबाईंना सांगितलं. त्या आधी दोन तास बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, गादी न्या, गोधडीला मीच धुणार. तोवर तो आमच्यात झोपतोय. आज नऊ शिंका. शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीये, शिट्टी ऐकू येते, काल कान लावून बसले होते.

सईची_आई
छान केलंत. नऊवर लगेच हुरळू नका, महिना-दोन महिने जाऊ द्या.

गच्चीवरचा
बायकोला विचारलं. ढेकूणच होते.