कर्ज सेटलमेंटबद्दल मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोनचे हप्ते आता झेपत नाहीयेत. एक सेटलमेंट कंपनी म्हणते, बँकेचे हप्ते थांबवा, तेच पैसे दरमहा वेगळ्या खात्यात साठवा. पुरेसे जमले की आम्ही बँकेशी बोलून कमी रकमेत एकरकमी मिटवतो. ऐकायला बरं वाटतं, पण तोवर व्याज आणि दंड चढतच राहणार ना? शिवाय बँकेवर मान्य करायचं बंधन नाहीच. त्यात फी आधीच मागतायत, तिथेच मनात पाल चुकचुकली. क्रेडिट रिपोर्टवर ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ शेरा पडतो, तेही माहीत आहे. कुणी यातून गेलं असेल तर सांगा: मध्यस्थाशिवाय थेट बँकेशी बोलणी जमतात का? आणि पैसे भरायच्या आधी सेटलमेंटचं पत्र लेखी हातात पडतं का?