एकमेकांना रेटिंग देताना नाव दिसावं का?

रावेरचा_रशर: जळगाव-भुसावळ-धुळ्याच्या पोरांच्या ऑनलाइन गेमच्या कस्टम मॅचमध्ये (आपसात ठरवून खेळतो त्या) आता खेळाडूंनीच एकमेकांना स्टार द्यायचं ठरतंय. माझं स्पष्ट मत, दोघांचं देऊन होईपर्यंत कुणालाच काही दिसू नये, आणि नंतरही नाव नको. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटवर खरेदीदाराने निगेटिव्ह दिलं की विक्रेता उलटून निगेटिव्ह द्यायचा, त्या भीतीने लोक खरं लिहायचेच नाहीत, शेवटी 2008 ला विक्रेत्यांचा तो हक्कच काढून घेतला. आपली पोरं तर एकाच गल्लीतली, वाईटपणा घेणार कोण?

धुळ्याचा_स्नायपर: नाही भो, पटत नाही. नाव झाकलं की खुन्नस काढायला मोकळं रान. चौघांनी ठरवून एखाद्याला एकेक स्टार दिला तर त्याला कळणारही नाही कुणी दिला आन् का दिला, उद्या त्याला कोणी टीममध्ये घेणार नाही. ओव्हरवॉच गेमने 2018 ला एंडोर्समेंट, म्हणजे खेळाडूने खेळाडूला द्यायची शाबासकी, आणली ती फक्त कौतुकाची. आपणही शाबासकीच ठेवू.

रावेरचा_रशर: शाबासकी दोस्त दोस्ताला देतच राहतील ना. रोज सोबत खेळणारे चौघं एकमेकांना पाचपैकी पाच देऊन वर जाऊन बसतील. म्हणून आपल्याच टीमवाल्याच्या मताला वजन कमी, अनोळखी खेळाडूच्या मताला जास्त. आणि जो सगळ्यांनाच एक स्टार देतो त्याचा एक स्टार त्याच्याच सरासरीशी ताडून बघायचा, खुन्नस तिथंच उघडी पडते.

चोपडा_क्वीन: मी माइक चालू केला की आवाज ऐकूनच घाण बोलणारे भेटतात. फक्त शाबासकी ठेवली तर मी हे सांगू कुठं? आणि नाव दिसणार असेल तर मी रेटिंग देणारच नाही, तोच माणूस रात्री मेसेज करणार. दुसरं म्हणजे खेळ आणि वागणूक एका आकड्यात कोंबू नका. खेळासाठी एलो आहे, म्हणजे हार-जीतीवरून काढलेलं रेटिंग, बुद्धिबळात फिडे या जागतिक संघटनेने 1970 ला घेतलं, तिथं निकाल बोलतो. मतं फक्त वागणुकीवर घ्या.

धुळ्याचा_स्नायपर: ताई, दोन आकडे ठेवायचे हे एकदम मान्य. पण शिवीगाळ ही तक्रार झाली, तिला स्टार कशाला? रेकॉर्डिंग द्या, तिघं बाहेरच्या तालुक्यातले बघतील, दोन्हीकडची नावं झाकून. काउंटर-स्ट्राइक गेममध्ये 2013 पासून अनुभवी खेळाडू संशयिताची मॅच अशीच नाव न बघता तपासायचे. स्टार मात्र नावानिशीच.

चोपडा_क्वीन: आणि दरवेळी रेकॉर्डिंग चालू ठेवायचं मीच का?

भुसावळ_जंक्शन: नवीन पोराचंही बघा. दोन मतांत पूर्ण 5 असलेला दोनशे मतांत 4.6 वाल्याच्या वर नको. ग्लिको रेटिंगमध्ये, तेही एलोसारखंच, आकड्यासोबत त्याची खात्री किती तेही मोजतात. दहा मतं होईस्तोवर "नवीन" एवढंच दाखवा, अन् नावाचं म्हणाल तर मी चोपड्याच्या ताईच्या बाजूने.