मर्यादित खर्चात बॉल पायथनचे प्रजनन : जोडी आधी घ्यावी की माद्या?

प्रश्न : मालवेकर, रामबाग, इंदूर

सप्रेम नमस्कार. काही वर्षांपासून माझ्याकडे साध्या रंगाचा एक बॉल पायथन (आफ्रिकेतील लहान, बिनविषारी अजगर) नर आहे आणि त्याची नोंदणी झालेली आहे. आता अल्बिनो, म्हणजे गडद रंगद्रव्य नसलेली पिवळी-पांढरी पिल्ले मिळतील असा छोटा संग्रह उभारावा, अशी इच्छा आहे. त्यासाठी साठ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत आणि त्यात पेट्या, तापनियंत्रण व खाद्य हे सर्व बसवायचे आहे. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत : एक अल्बिनो जोडी घेणे, एक अल्बिनो नर आणि अल्बिनोचा गुण सुप्तपणे बाळगणाऱ्या, म्हणजे ‘हेट’ माद्या घेणे, किंवा स्वस्तात मिळणारे स्पायडर आणि पेस्टल हे रंगप्रकार घेऊन सुरुवात करणे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आईची अट एवढीच आहे की सापांच्या खाद्याचे गोठवलेले उंदीर घरच्या फ्रिजमध्ये दिसता कामा नयेत.

उत्तर : जुना सर्पपालक, वडोदरा

तिसरा पर्याय प्रथम बाजूला ठेवा. स्पायडर या गुणाबरोबर मज्जासंस्थेतील दोष येतो. मान वाकडी होणे, डोके डुलणे, भक्ष्यावर नेम चुकणे ही लक्षणे कमीअधिक प्रमाणात दिसतात आणि निवडक जोड्या लावूनही तो दोष गुणापासून वेगळा करता आलेला नाही. असे प्राणी मुद्दाम जन्माला घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पेस्टलमध्ये असा दोष नाही, परंतु तो गुण इतका पसरला आहे की त्याच्या पिल्लांना घरे मिळणे अवघड जाते.

उरलेल्या दोहोंपैकी मी दुसरा निवडीन, मात्र खरेदीचा क्रम उलटा ठेवून. अल्बिनो हा अप्रभावी गुण आहे, म्हणजे तो आई-वडील दोघांकडून आला तरच दिसतो. हेट नर आणि हेट मादी यांच्या पिल्लांत सरासरी चौथा हिस्सा अल्बिनो निघतो, आणि साध्या दिसणाऱ्या उरलेल्यांपैकी कोणात गुण आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून त्यांना ‘६६ टक्के हेट’, म्हणजे हेट असण्याची शक्यता तीनांत दोन, असे सांगून द्यावे लागते. अल्बिनो नर आणि हेट मादी यांच्या पिल्लांत सरासरी निम्मी अल्बिनो असतात, व उरलेली सर्व निश्चितपणे हेट असतात. सहा अंड्यांच्या घरट्यात हा फरक दीड आणि तीन इतका पडतो. एकच नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे महाग गुण नराच्या बाजूने आणणे परवडते.

क्रम उलटा ठेवण्याचे कारण असे की मादीला साधारण दीड किलो वजन व्हायला तीन वर्षे लागतात, तर नर सहाशे-सातशे ग्रॅमचा झाला की तयार होतो आणि त्याला बहुधा दीड वर्ष पुरते. म्हणून या वर्षी दोन हेट मादी पिल्ले घ्यावीत, नर पुढच्या वर्षी आणावा. रंगप्रकारांचे भाव वर्षागणिक उतरतात, त्यामुळे थांबण्यात तोटा नाही. लवकर अंडी मिळावीत म्हणून मादीला चारून फुगवू नये. तिची वाढ आपल्या गतीने होऊ द्यावी.

उत्तर : महूकर

वरील गणित योग्य आहे, परंतु कागदपत्रांचा विचार आधी व्हावा. बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील प्राणी असून साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा प्रजाती अनुसूची ४ मध्ये आल्या आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. नवा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत नोंद व्हावी. पिल्लांचा जन्म, मृत्यू आणि हस्तांतरण हेही कळवावे लागते. विक्रेता स्वतःच्या नावची नोंद दाखवू शकत नसेल, तर किंमत कितीही कमी असो, तो प्राणी घेऊ नये. आपला देशी अजगर मात्र अनुसूची १ मध्ये आहे आणि तो घरी पाळण्याचा प्रश्नच येत नाही. जाळ्यात सापडलेला अजगर ‘पायथन’ म्हणून विकू पाहणारे लोक भेटतात, म्हणून हे लिहिले.

नव्या माद्या जुन्या नरापासून किमान तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवाव्यात, कारण गोचिडांसारखे सूक्ष्म परजीवी आणि श्वसनाचे विषाणू याच मार्गाने येतात. इंदूरजवळच्या महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. साप तपासणारे डॉक्टर कोण, याची चौकशी आजार होण्याआधीच करून ठेवावी. घरात पकडलेले उंदीर चुकूनही खाऊ घालू नयेत, त्यांच्या पोटात विष असू शकते. आईंच्या अटीसाठी जुना छोटा डीप फ्रीझर घ्यावा. तो खर्च साठ हजारांत आत्ताच मांडा.

मालवेकर

दोघांचे आभार. दोन माद्या आणि नंतर नर, हा क्रम पटला. इन्क्युबेटर (अंडी उबवण्याचे साधन) थर्मोकोलच्या पेटीत, उष्णतेची तार आणि थर्मोस्टॅट लावून घरीच करावा का?

उत्तर : जुना सर्पपालक, वडोदरा

पेटी घरी करण्यास हरकत नाही, पैसे थर्मोस्टॅटवर खर्च करावेत. अंड्यांना सुमारे ३१.५ अंश तापमान आणि ५५ ते ६० दिवस लागतात. मात्र इंदूरमध्ये अडचण थंडीची नाही. माळव्यातील हिवाळ्याच्या थंड रात्री जोडी लावण्यास सोयीच्या असतात, पण अंडी पडतात ती बहुधा उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि मे महिन्यात बाहेर पारा चाळीसच्या वर जातो. थर्मोस्टॅट उष्णता बंद करू शकतो, खोली थंड करू शकत नाही. पेटीतले तापमान ३४ च्या वर रेंगाळले तर गर्भ मरतात किंवा पिल्लांच्या कण्यात दोष येतो. त्यामुळे पेटी तळमजल्यावरील आतल्या, भिंतीला ऊन न लागणाऱ्या खोलीत ठेवावी आणि त्याच खोलीची नोंद या उन्हाळ्यातच, अंडी नसताना, रोज दुपारी घ्यावी. दुपारी तेथे ३१ च्या वर जात असेल, तर एसीचा खर्च धरल्याशिवाय जोडी लावू नये. अंडी उचलताना वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करावी आणि ती उलटू देऊ नयेत. अंड्यांखाली व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारे हलके खनिज) आणि पाणी वजनाने सारखे घ्यावे. हातात दाबल्यावर पाणी गळता कामा नये.